दाराच्या कडीपर्यंत

भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, एकदा तर चक्क मयताच्या घरी लोकांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला आहे. "त्या दाराच्या पलीकडं काय हुतं हो?" विचारणारा पन्नाशीच्या पुढचा असतो, बेळगावच्या जुन्या भागातला असतो आणि त्याच्या घरी कधीकाळी माझी केबल असायची. बावीस वर्षं मी केबलचा धंदा केला. पावसात खांबावर चढलो, क्रिकेटचा सामना चालू असताना चित्र गेलं म्हणून शिव्या खाल्ल्या, शेकडो सिनेमे दाखवले. त्यातलं काही लोकांच्या लक्षात नाही. लक्षात राहिलं ते एक इंग्रजी गाणं, आणि तेही अर्धवट.

मी दर वेळी हसून "आता आठवत नाही" असं सांगतो. हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो आहे. इराप्पाला विचारूनच लिहितो आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

आधी धंद्याविषयी, कारण आजच्या मुलांना केबल म्हणजे फोन चार्ज करायची वायर वाटते. शहापुरात एका घराच्या गच्चीवर आमची पत्र्याची खोली होती. बाहेर डिश अँटेनाची मोठी तबकडी, आत दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि एक टेबलफॅन. फॅन आमच्यासाठी नव्हता, मशीनं तापू नयेत म्हणून होता. या खोलीतून निघालेली काळी वायर कौलांवरून, नारळाच्या झाडांवरून, देवळाच्या मागच्या भिंतीवरून घराघरात जायची. मी मशीनवर बसायचो आणि माझा भागीदार इराप्पा वायरी सांभाळायचा. इराप्पा बैलहोंगलकडचा, घरात कन्नड बोलणारा. वायरमनचं काम करायला बेळगावात आला आणि आमच्या गल्ल्यांतून मराठी शिकला. खांबावर चढला की वरूनच दोन्ही भाषांत अर्ध्या गावाची चौकशी करायचा.

बाहेरचे चॅनेल तबकडीतून आपोआप यायचे. त्याशिवाय प्रत्येक केबलवाल्याचा एक स्वतःचा चॅनेल असे, आणि त्याच्यावरच गिऱ्हाईक टिकायचं. आमच्या चॅनेलवर दुपारी दोन सिनेमे असत, एक मराठी आणि एक कन्नड. आधी कुठला लावायचा यावरून पहिल्याच महिन्यात इतकी बोलणी खाल्ली की शेवटी नियम केला. आज मराठी आधी, उद्या कन्नड आधी. आणि दुसरा सिनेमा पाचच्या ठोक्याला सुरू झालाच पाहिजे. एक मिनिट इकडेतिकडे झालं तरी कुणाला तरी वाटायचं की आपल्या भाषेचा वेळ खाल्ला.

अडचण अशी की सिनेमे काही मोजून कापलेले नसत. पहिला संपायचा पावणेपाचला किंवा चार पन्नासला, आणि मध्ये मोकळी जागा राहायची. तिथे मराठी भावगीत लावलं की कन्नड गल्लीतून निरोप यायचा. कन्नड गाणं लावलं की मराठी गल्लीतून माणूसच यायचा. हिंदी लावलं तर दोघंही विचारायचे, आता हे कशाला? त्या दिवसांत आमच्या गावात दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लहानमोठी झाली तरी माणसं गोळा होत. मी कुणाला नावं ठेवत नाही, मी इथलाच आहे. शेवटी इराप्पाच म्हणाला, "कुणाचंच न्हाय आसं कायतरी लावूया की."

कुणाचंच नसलेलं गाणं त्यालाच सापडलं. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबांची बदली झाली होती. त्यांची वायर काढायला इराप्पा गेला, तेव्हा बाईंनी नको असलेल्या कॅसेटींची पिशवी त्याच्या हातात दिली. त्यातल्या एका कॅसेटीवर पेन्सिलीने "इंग्रजी, छान" एवढंच लिहिलेलं. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्यांचं नाव नाही. आम्ही ती लावली.

ते गाणं मी आजही डोळे मिटून बघू शकतो. आटलेल्या तळ्याची भेगाळलेली जमीन. तिच्यावर चार केसाळ माणसं वाजवत उभी. ड्रम वाजवणाऱ्याच्या पायात मोजे आहेत पण बूट नाहीत. एक लंबूटांग्या गिटारवाला सारखं काहीतरी चघळतोय आणि चघळता चघळता मध्येच थांबून एका सुरात ओरडतो. आणि लांब, त्या उघड्या रानात, एक लाकडी दार उभं आहे. भिंत नाही, घर नाही, नुसती चौकट आणि बंद दार. गाणारा माणूस हातातला माईक टाकतो आणि त्या दाराकडे चालायला लागतो. माईक नसताना गाणं कसं ऐकू येतं हे मला कधी कळलं नाही. तो चालतोय, वारा सुटलाय, ड्रम जोरात येतायत, तो दारापाशी पोचतो आणि कडीकडे हात नेतो.

आमच्या गावाने गाणं पाहिलं ते इथपर्यंत.

गाण्याचे शब्द कुणाला कळत नव्हते आणि त्यानेच ते सगळ्यांचं झालं. पाचला पाच-सात मिनिटं कमी असताना ते लागायचं, त्यामुळे लोकांची कामं त्याच्यावर बसली. कुणी त्या वेळी चहाचं आधण ठेवायचं, कुणी गाईची धार काढायला जायचं. दोन्ही भाषांच्या गल्ल्यांत पोरं मोज्यांवर नाचायची. आणि विमलक्का मागावर बसून ते गाणं बघायच्या.

विमलक्का शहापुरातल्या विणकर. नवरा लवकर गेला, माग त्यांनीच चालवला. पुढच्या खोलीत माग आणि कोनाड्यात टीव्ही, अशी जागा होती की हात चालता ठेवून चित्र दिसावं. ड्रम सुरू झाले की मागाचा ठोका आपोआप त्याच्या लयीत जातो असं त्या सांगायच्या. बूट नसलेल्या ड्रमवाल्याची त्यांना काळजी वाटायची. इराप्पा त्यांचा लाडका. त्याची दुपारची भाकरी त्यांच्या ओट्यावर ठरलेली असायची आणि त्याची आई वारली तेव्हा गावाकडून परतल्यावर तो आधी त्यांच्याकडे गेला होता. मला कधी कधी हेवा वाटायचा. हेही लिहून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या हेव्याचा वाटा होता की नव्हता, हे मला ठरवता येत नाही.

आता चूक. कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असायची. ती मोडून टाकली की त्या कॅसेटीवर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे, आतलं सुरक्षित राहायचं. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. गाणं मिळालं त्याच दिवशी इराप्पा म्हणाला होता की पट्टी मोडून ठेव. मी म्हटलं, संध्याकाळी मोडतो.

पाचव्या दिवशी रात्री मी दिवाळीच्या जाहिराती करत बसलो होतो. आमच्या जाहिराती म्हणजे पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरं, त्याच्यावर कॅमेरा आणि मागे माझा आवाज. साड्यांच्या एका दुकानाची जाहिरात मी रिकाम्या कॅसेटीवर घेतली अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं लावलं. गाणारा दारापाशी आला, कडीकडे हात नेला आणि एक हिसका बसून माझाच आवाज ऐकू आला, "सणासुदीला नवी साडी." शेवटची मिनिटभराची जागा पुसली गेली होती. सगळ्या भागात ते दिसलं. दोन बायका त्या दुकानात जाऊन विचारून आल्या म्हणे, की तुमचंच दुकान आहे का त्या दारामागं?

म्हणजे पूर्ण गाणं गावाला फक्त पाच दिवस दिसलं. नव्या परक्या गाण्याकडे पहिले पाच दिवस कोण लक्ष देतं? मी स्वतः ते पाचही वेळा बघितलं असणार, पण माझं लक्ष घड्याळाकडे, पुढच्या सिनेमाच्या कॅसेटीकडे. मला पुसटसं आठवतं की दार उघडल्यावर एक काळा घोडा होता. इराप्पा म्हणायचा, घोडा नव्हता. मग काय होतं विचारलं तर तोही गप्प.

त्या दिवशी खोलीत मी मोठ्याने म्हणालो, "ही कॅसेट रेकॉर्डच्या मशीनला लावली कुणी?" मला माहीत होतं कुणी लावली. तरी विचारलं. इराप्पाने कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली. आदल्या दिवशी संध्याकाळी कॅसेटी त्यानेच आवरल्या होत्या. तो म्हणाला, "माझ्याच हातनं झालं आसंल." मी काही बोललो नाही. वाटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवसापासून गाणं कडीपर्यंत आलं की मी बटण दाबून थांबवायचो आणि पाच वाजेपर्यंत गुलाबाच्या फुलाचं चित्र लावून ठेवायचो. लोकांना आपलं गाणं मध्येच कापलेलं दिसायला लागलं. का कापतात? मराठी सिनेमा आधी असेल त्या दिवशी मराठी गल्लीत तर्क निघाला की पुढचा कन्नड सिनेमा लवकर लागावा म्हणून इराप्पा कापतो. कन्नड आधी असेल त्या दिवशी तिकडे तर्क निघायचा की मी कापतो. पाचच्या आत गुलाब दिसतोय हे कुणी लक्षात घेतलं नाही. नेमके तेव्हा सीमावादावरून मोर्चे-बंदचे दिवस आले आणि साध्या गोष्टीलाही धार चढली. एका गल्लीत आमची वायर कुणीतरी कापली. दोनदा.

त्याच आठवड्यात वसुलीला गेलो असताना विमलक्कांनी माग थांबवून मला विचारलं, "इराप्पानंच कापलं काय रं ते गाणं? खरं सांग मला."

मी म्हणालो, "व्हय आक्का. त्याच्याच हातनं गेलं."

गेलं म्हणालो, कापलं म्हणालो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हे सांगत आलो. पण त्यांनी काय ऐकलं ते मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी इराप्पा भाकरीला त्यांच्या ओट्यावर गेला, तेव्हा त्या त्याला बोलल्या की आमचं एक गाणंसुद्धा तुला पुरं बघवत नाही का, आणि आत निघून गेल्या. त्याने मला हे एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मग म्हणाला की त्या गल्लीचं काम तू बघ. मी बघितलं. इराप्पा त्या गल्लीत परत गेला नाही.

इतक्या लहान गोष्टीने असं होतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. वादाच्या दिवसांत माणसं मोठ्या गोष्टींवरून भांडतात आणि तुटतात ती असल्या लहान गोष्टींवरून, एवढंच मला सांगता येईल.

पुढे सगळं बदललं. मोठ्या कंपन्या आल्या, घरोघर सेट-टॉप बॉक्सचे डबे बसले, आमचा चॅनेल बंद झाला. व्हीसीआर मोडीत गेले, त्यातला एक मी कपाटावर ठेवून दिला. ती मूळ कॅसेट कुठल्यातरी पावसाळ्यात गेली. इराप्पाने मुलाबरोबर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधलं. आमचं येणंजाणं कधी थांबलं नाही, सणाला एकमेकांकडे जेवलो, त्याच्या मुलीच्या लग्नात मी चार दिवस राबलो. फक्त ते सांगायचं राहिलं. किती तरी वेळा तोंडाशी आलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता उकरून काय मिळणार?

गेल्या वर्षी इराप्पाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं गेलं आहे, आणि जे दिसतं तेही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो. त्याने मला जवळची खुर्ची दाखवली. मग म्हणाला, "नारू, ते गाणं कुठं घावंल काय रं? शेवटापतूर एकदा बगायचं हाय. मी काय पुसलो ते तरी दिसू दे मला."

त्या दिवशी त्याच्या घरून निघालो तो दोन चौक उलटा चालत गेलो आणि मग कळलं की माझं घर दुसरीकडे आहे.

शोध सुरू केला. माझी सून म्हणाली, फोनसमोर गुणगुणा, फोन गाणं ओळखतो. मी गुणगुणलो. फोनने एक अंगाईगीत सुचवलं आणि दुसऱ्यांदा बहुधा कुठल्यातरी देशाचं राष्ट्रगीत. सुनेने दार, तळं, मोजे असं सगळं घालून बघितलं. दारं असलेली इतकी गाणी जगात आहेत हे मला माहीत नव्हतं. मी दोन महिने केसाळ माणसं बघत होतो आणि शेवटी शेवटी मला माझ्याच आठवणीची खात्री वाटेना. तळं होतं की मैदान? चौघं होते की पाच?

मग एका सकाळी दाढी करताना जिन्नाप्पा आठवले. जिन्नाप्पा अण्णा निपाणीचे, जैन, घरची तंबाखूची वखार, आणि हौस म्हणून केबल चालवायचे. आम्ही केबलवाले एकमेकांच्या कॅसेटी उतरवून घेत असू. गाणं मिळालं त्याच आठवड्यात, पुसलं जायच्या आधी, अण्णा आमच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्याची कॉपी करून घेऊन गेले होते. म्हणजे निपाणीत ते गाणं पहिल्यापासून पूर्ण दिसत होतं. तेव्हाच बस पकडून गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी गावाला शेवट मिळाला असता, इराप्पाला भाकरी मिळाली असती. तेव्हा हे मला आठवलं नाही, की आठवूनही मी ते दाबलं? खूप विचार केला. खरंच सांगता येत नाही.

निपाणीला गेलो. अण्णा थकलेत, पण मला बघताच खूश झाले. मी विचारलं, त्या गाण्याच्या शेवटी दारामागं काय होतं? ते ताबडतोब म्हणाले, समुद्र. आतल्या काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कन्नडमधून हाक मारून विचारलं, तर काकू म्हणाल्या, समुद्र कुठला, पांढऱ्या कपड्यातली बाई उभी होती. दुपारी मुलगा वखारीतून जेवायला आला, तो म्हणाला की काहीच नव्हतं, दाराच्या पलीकडे तेच तळं होतं. ही तिघं ते गाणं पाच-सहा वर्षं रोज शेवटपर्यंत बघत होते. मी घोड्याचं विचारलं. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

कॅसेटी वखारीत होत्या, एका लाकडी खोक्यात. तंबाखूजवळ ठेवल्या की कीड लागत नाही, असं अण्णांचं म्हणणं. शिंकत शिंकत पन्नासेक कॅसेटी बघितल्या आणि अण्णांच्या अक्षरात "बेळगाव इंग्लिश" सापडली. कीड नव्हती, पण फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. काकूंनी दिवस मावळायच्या आत जेवायला बसवलं आणि अण्णांनी कॅसेटीबरोबर पावशेर गूळ दिला.

घरी चार दिवस त्या कॅसेटीवर काम केलं. स्क्रू काढून डबी उघडायची, फीत हाताने पुढे सरकवायची आणि मऊ कापडाने टिपत जायची. जोर लावला की तुटते. हात थरथरतात माझे आता, तरी ते काम मला जमलं याचा अभिमान वाटला. कपाटावरच्या व्हीसीआरचा पट्टा बदलला. सगळं झाल्यावर मनात आलं की एकदा लावून बघावं. बघितलं नाही. शेवट बघायचा तो इराप्पाबरोबर, आणि तो बघून झाला की सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

रिक्षात व्हीसीआर आणि माझा जुना छोटा टीव्ही घालून त्याच्या घरी गेलो. सकाळी अकराचा सुमार. इराप्पा टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसला. मी बटण दाबलं.

तळं आलं. भेगाळलेली जमीन आली. चौघंच होते. ड्रमवाल्याच्या पायात मोजे होते. इराप्पा बोट टीव्हीला लावून एकेक दाखवायला लागला आणि मांडीवर ताल धरायला लागला, आणि मला एकाएकी ती पत्र्याची खोली, तो टेबलफॅन, आमचे चाळिशीच्या आतले चेहरे सगळं दिसलं. फार आनंद झाला. गाणारा चालू लागला. वारा सुटला. तो दारापाशी आला, कडीकडे हात नेला, आणि माझं बोट सवयीने बटणाकडे गेलं. मी ते मागे घेतलं.

तेवढ्यात चित्र गेलं. बुरशीने तिथे फीत खाल्ली होती. नुसत्या करड्या रेघा वर सरकत होत्या. आवाज मात्र चालू होता.

"काय दिसतंय रं?" इराप्पाने विचारलं. त्याला वाटलं आपलेच डोळे.

मला घोडा सांगता आला असता. समुद्रही सांगता आला असता, काकूंची बाईसुद्धा. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता. तो नेहमीच ठेवत आला होता.

मी म्हणालो, "काय न्हाय दिसत. फीत खराब झालीया. नुसत्या रेघा हायत."

"मग तुला बी माझ्यासारखंच," तो म्हणाला आणि कान टीव्हीला लावून बसला. रेघांमागून ड्रम वाजले, थांबले, आणि काहीतरी करकरल्यासारखा आवाज आला. मला तो फितीचा वाटला. मग कॅसेट थांबली.

एक खरं बोललो म्हणून असेल, दुसरंही त्याच्यामागून बाहेर पडलं. पट्टी मी मोडली नव्हती, जाहिरात मी घेतली होती, कॅसेट मी लावली होती, विमलक्कांना मी सांगितलं होतं. एका दमात सांगितलं. इराप्पा बंद टीव्हीकडेच बघत बसला. आत त्याच्या सुनेने कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या मी मोजत राहिलो.

शेवटी तो म्हणाला, "आई गेल्यावर मी तिलाच आई मानलो हुतो नारू. तुला ठावं हुतं ते."

मी म्हटलं, ठाऊक होतं.

"मग मला सांगून काय उपेग? तिला सांग. चल, चप्पल घाल."

शहापुरात रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली. तीस वर्षांत त्या गल्लीत इराप्पाचं पाऊल पडलं नव्हतं. त्याने माझा कोपर धरला होता, पण वळणं तोच सांगत होता. पुढे खांब असेल म्हणाला, खांब होता. इथे दोन पायऱ्या म्हणाला, पायऱ्या होत्या. कुठल्याच घरातून मागाचा ठोका ऐकू येत नव्हता. विमलक्कांच्या पुढच्या खोलीत मागाच्या जागी फ्रिज आहे आणि त्या ऐंशीच्या घरात आहेत. उंबऱ्याशी उभं राहूनच मी सगळं सांगितलं, कारण आत गेलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग बघायचं थांबवून इराप्पाकडे बघायला लागल्या. उठून आल्या, त्याचा हात माझ्या कोपरावरून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला आत नेऊन बसवलं.

चहा आला. इराप्पाचा कप त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत नीट बसवून दिला. माझा समोर ठेवला. मग त्यांनीही तेच विचारलं, जे सगळं गाव मला विचारतं.

"मग शेवटाला काय हुतं रं त्या दारामागं?"

मी सांगायला लागलो की काही दिसत नाही आक्का, चित्र खराब झालंय, नुसत्या रेघा आहेत. इराप्पाने मला हाताने थांबवलं.

"त्येला दिसलं न्हाय," तो म्हणाला. "मी ऐकलो. दार उघडलंय, आक्का."